जिल्हा लीगमधून आयएसएल : पुण्यातल्या क्लबने हिशोब कुठून मांडायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातला एक जुना फुटबॉल क्लब जिल्हा संघटनेच्या लीगमध्ये वरच्या गटात खेळतो. ट्रस्ट म्हणून नोंदणी आहे, खडकी-बोपोडीकडची चांगली पोरं आहेत. एक बांधकाम व्यावसायिक तीन वर्षं पैसे घालायला तयार आहे, फक्त क्लबच्या नावाआधी त्याच्या कंपनीचं नाव लागलं पाहिजे. कमिटीला विचारायचंय ते असं : सात वर्षांत आयएसएल, म्हणजे देशातली सगळ्यात वरची इंडियन सुपर लीग, गाठता येईल का? आणि सुरुवात परदेशी कोचपासून करायची की मैदानापासून?

मी आधी संघ व्यवस्थापक होतो, नंतर क्लब लायसन्सिंगची कामं केली, पुण्यात आणि बाहेरही. तेव्हा खेळापेक्षा फायलींबद्दल जास्त बोलेन, आधीच सांगतो.

नियमाने बघितलं तर गाठता येईल. सात वर्षंही लागायची गरज नाही. २०२४-२५ पर्यंतची रचना अशी : वर आयएसएल, तिच्याखाली आय-लीग, मग आय-लीग २, आय-लीग ३ आणि सगळ्यात खाली राज्यांच्या लीग. आय-लीग ३ मध्ये तुम्ही थेट जाऊ शकत नाही. राज्य संघटनेने, म्हणजे आपल्याकडे विफाने (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन), तुमचं नाव पाठवावं लागतं. एकदा तिथे शिरलात की पुढचा वेग तुमच्या हातात आहे. स्पोर्टिंग क्लब बेंगळुरूने २०२३-२४ मध्ये एकाच हंगामात आय-लीग ३ आणि आय-लीग २ अशा दोन पायऱ्या चढल्या. पुढच्या वर्षी बंगालच्या डायमंड हार्बरने तेच केलं, आणि तो क्लब स्थापन झालाय २०२२ मध्ये.

आयएसएलचं दार मात्र अलीकडेच उघडलं. आधी आय-लीग जिंकूनही आयएसएलमध्ये जाता येत नसे. ऐझॉलने २०१७ मध्ये जिंकली, गोकुलम केरळने २०२०-२१ आणि २०२१-२२ अशी लागोपाठ दोनदा जिंकली, तरी दोघेही जिथल्या तिथे राहिले. ऑक्टोबर २०१९ मध्ये आशियाई महासंघाने क्वालालंपूरला जो आराखडा ठरवला, त्यात आय-लीगच्या विजेत्याला वर घ्यायचं मान्य झालं. त्याप्रमाणे २०२३ मध्ये पंजाब एफसी वर गेला, २०२४ मध्ये मोहमेडन. २०२४-२५ चा विजेता कोण हे तर मैदानावर ठरलंच नाही. खेळाडूंच्या पात्रतेचे आणि नोंदणीचे वाद स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादापर्यंत गेले आणि जुलै २०२५ मध्ये चर्चिल ब्रदर्सऐवजी इंटर काशी विजेता ठरला. नोंदणीचं काम बघणाऱ्या माणसाला क्लबात किती मान द्यायचा, हे यावरून समजून घ्या.

तर, वर जाता येतं. पण पुण्याच्या माणसाने यापुढचा प्रश्न विचारायला हवा, कारण वर जाऊन संपलेले क्लब आपल्याइतके दुसऱ्या कुठल्या शहराने पाहिले असतील असं मला वाटत नाही.

पुणे एफसी २००७ मध्ये निघाला, अशोक पिरामल समूहाचा. दुसऱ्या श्रेणीतून खेळून वर आला आणि २००९-१० मध्ये आय-लीगच्या पहिल्याच हंगामात तिसरा राहिला. २०१२-१३ मध्ये उपविजेता झाला, २०१४ मध्ये एएफसी कप ही आशियाई क्लबांची स्पर्धा खेळला. पुढे भारताकडून खेळलेल्यांपैकी जेजे लालपेखलुआ या क्लबकडून खेळला, आशिक कुरुनियन याच्या अकादमीतून घडला. २०१५ मध्ये क्लब बंद झाला आणि अकादमी एफसी पुणे सिटीकडे गेली. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ मध्ये थेट आय-लीगमध्ये आला, एक हंगाम खेळला, तळाला राहिला आणि गेला. डीएसके शिवाजीयन्सचं नाव तर स्थानिक शिवाजीयन्स क्लबचंच होतं. लिव्हरपूलबरोबर अकादमी काढली, २०१५-१६ मध्ये थेट प्रवेश मिळाला, दोन हंगाम खेळून तेही आटोपले. आणि आयएसएलमधला एफसी पुणे सिटी : २०१४ मध्ये सुरू, २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरीत, २०१९ मध्ये बंद. त्याची जागा हैदराबादला गेली आणि २०२५ मध्ये हैदराबादहून दिल्लीला.

२०१५ ते २०१९ या काळात चार क्लब गेले. त्यातला एकही मैदानावर हरून खाली उतरला म्हणून बंद झालेला नाही. वर बसलेल्या मालकाचं गणित बदललं आणि खाली क्लब म्हणून काही उरलंच नाही. ज्याची सभासद नोंदणी आहे, वार्षिक सभा होते, दर वर्षी चौदाखालची नवी बॅच येते, असं काही मागे असतं तर पहिला संघ बंद होऊनही क्लब जिल्हा लीगमध्ये खेळत राहिला असता.

सगळा दोष कंपन्यांना देऊ नका. बेंगळुरू एफसीसुद्धा २०१३ मध्ये जेएसडब्ल्यूच्या पैशावर थेट आय-लीगमध्ये आला आणि पहिल्याच वर्षी विजेता झाला. फरक एवढाच की मालक टिकून राहिला. अर्थात, ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनाही पहिल्या संघाचे पगार थांबवावे लागले होते. फेडरेशन (अखिल भारतीय फुटबॉल महासंघ) आणि लीग चालवणारी कंपनी यांचा २०१० चा करार १५ वर्षांचा आणि ७०० कोटींचा होता. तो डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता आणि नवा ठरत नव्हता, म्हणून आयएसएलचा हंगाम ठरल्या वेळी सुरूच झाला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तुमचा बिल्डर ज्या माडीवर चढायचं म्हणतोय, तिचे खांब असे आहेत.

आता पैशांकडे येऊ. आयएसएलच्या मूळ क्लबांना वर्षाला १२ ते १६ कोटी नुसती सहभाग फी पडते, असं वर्षानुवर्षं छापून येत होतं. बढती मिळालेल्याला ती माफ ठरली. पण खेळाडूंच्या पगाराची कमाल मर्यादाच काही हंगाम सोळा-सतरा कोटींच्या घरात होती, यावरून बाकीचा अंदाज करा. ते आकडे आपल्या आवाक्याबाहेरचे आहेत, म्हणून बाजूला ठेवू आणि आय-लीग २ चा साधा हिशोब मांडू. समजा २५ खेळाडू आणि सरासरी महिना ३० हजार. म्हणजे महिन्याला साडेसात लाख, आठ महिन्यांचे ६० लाख. हे फक्त पगार झाले. बाहेरच्या मुलांसाठी दोन-तीन फ्लॅट, मेस, कोच, गोलकीपर कोच, फिजिओ, रोजचं मैदान, बस हे सगळं त्यावर चढतं. बिल्डरला आकडा सांगताना पगारांची रक्कम दुप्पट करून सांगा, तरी कमी पडेल.

आणि आय-लीगमध्ये गेलात की प्रवास. ऐझॉलची एक मॅच घ्या. पुण्याहून थेट विमान नाही, कोलकात्याला बदलायचं आणि लेंगपुईला उतरायचं. मिझोरामला इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा परवाना लागतो, म्हणजे मॅनेजरने सगळ्यांचे फोटो आणि ओळखपत्रांच्या झेरॉक्स बॅगेत ठेवायच्या. एखाद्या पोराचं आधार कार्ड गावी राहिलेलं असतंच. पुढे डोंगरातला घाटरस्ता, त्यात दोन खेळाडूंना उलट्या. विमानात किटच्या बॅगांचं जादा वजन वेगळं भरायचं. पंचवीस-अठ्ठावीस माणसं घेऊन असे दौरे एका हंगामात किती, ते वेळापत्रक हातात आल्यावर कळतं. तिकिटं त्यानंतर काढली की दर चढलेले असतात.

उत्पन्नाची बाजू लहान आहे, म्हणून लवकर संपवतो. तिकीटविक्री शून्य धरा. बालेवाडीला केरळ ब्लास्टर्सची मॅच असली की स्टँड पिवळे व्हायचे, म्हणजे आपल्याच शहरात पाहुण्यांचा आवाज मोठा. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की जी गर्दी लोटते, ती पेठेची आणि तालमीची असते. ती विकत घेता येत नाही, आणि पुण्यात तशी तयार झालेली नाही. आपल्याकडे खात्रीचं उत्पन्न एकच, फी घेऊन चालवलेली अकादमी. बाणेर, वाकड, खराडीच्या पालकांची पैसे द्यायची तयारी आहे. त्या पैशातून कोचचे पगार निघतात. फक्त फी भरणारा मुलगा आणि संघात निवडलेला मुलगा यांची सरमिसळ होऊ देऊ नका, नाहीतर बोपोडीचं पोर बेंचवर आणि पालक-प्रायोजकाचा मुलगा मैदानात असं चित्र वर्षभरात दिसू लागतं.

सीएसआरबद्दल, म्हणजे कंपन्या समाजकार्यासाठी देतात त्या निधीबद्दल, बरेच गैरसमज आहेत. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात खेळांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे, त्यामुळे तुमच्या मुलामुलींच्या प्रशिक्षणासाठी तो पैसा येऊ शकतो. त्यासाठी ट्रस्टकडे १२ए, ८०जी आणि सीएसआर-१ नोंदणी हवी. पण छातीवर कंपनीचं नाव लावून पहिल्या संघाचे पगार द्यायचे आणि तो खर्च सीएसआरमध्ये दाखवायचा, हे चालत नाही. ती जाहिरात झाली. प्रायोजकाचा सीए हे सांगेलच, पण तुम्हाला आधीच ठाऊक असलं तर बैठकीत वजन पडतं.

आता लायसन्सिंग, कारण बहुतेक स्वप्नं इथे अडतात. आय-लीग किंवा आयएसएल खेळायला दर हंगामाला क्लब लायसन्स लागतं. ते दुसऱ्याला देता येत नाही आणि हंगामाबरोबर संपतं. निकष पाच प्रकारचे असतात : क्रीडा, पायाभूत सुविधा, मनुष्यबळ, कायदेशीर आणि आर्थिक. ‘अ’ गटातला, म्हणजे सक्तीचा, निकष हुकला की लायसन्स नाकारलं जाऊ शकतं. विजेतेपद मिळवूनही वर जाणं याच टेबलावर थांबू शकतं.

जुन्या पुणेरी क्लबांची फाइल उघडली की सहसा काय दिसतं ते सांगतो. धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदीत विश्वस्त म्हणून ज्यांची नावं आहेत त्यातले दोघे हयात नाहीत. नवी कमिटी सभेत निवडली गेली, पण चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचा अर्ज, दाखलच झाला नाही किंवा दाखल होऊन तसाच पडून आहे. म्हणजे कागदोपत्री आजच्या अध्यक्षांना करारावर सही करायचा अधिकार आहे का, इथूनच प्रश्न. ऑडिट झालंय, पण तीन वर्षांचं एकदम. आणि खर्चाच्या बाजूला ‘खेळाडू मानधन’ अशी एकच ओळ, खाली व्हाउचर नाही. असणार कुठून? मॅच संपल्यावर गाडीच्या बोनेटवर वही ठेवून बाहेरून बोलावलेल्या पोरांना रोख पाकिटं दिलेली असतात. लायसन्सच्या फायलीत त्या जागी लेखी करार, बँकेतून गेलेला पगार, कापलेला टीडीएस आणि कुणाचीही थकबाकी नसल्याचा पुरावा लागतो. एखादा खेळाडू थकलेल्या पगाराची तक्रार घेऊन फेडरेशनकडे गेला तर नवे खेळाडू नोंदवण्यावर बंदीही येऊ शकते.

हे सगळं दुरुस्त करायला पैसा फार लागत नाही, वेळ लागतो. चेंज रिपोर्टचं काम या महिन्यात वकिलाकडे द्या. व्यावसायिक संघ चालवायला वेगळी कंपनी काढायची असेल तर ट्रस्ट आणि कंपनी यांच्यात लेखी करार करा आणि जिल्हा संघटनेचं सभासदत्व ट्रस्टकडेच ठेवा. हा मुद्दा शेवटी पुन्हा येणार आहे.

मैदान. जुलैत शिवाजीनगरच्या एसएसपीएमएस शाळेच्या मैदानावर सकाळी फक्की मारून दुपारपर्यंत पेनल्टी बॉक्स चिखलात गायब झालेला ज्याने पाहिलाय त्याला या विषयावर भाषण नको. आखलेलं, १०५ बाय ६८ मीटरचं, वर्षभर हक्काने मिळणारं मैदान हीच पुण्यातली खरी टंचाई आहे. गल्लोगल्लीच्या जाळीतल्या टर्फवर पायात चेंडू बसतो, पण तिथे वाढलेला विंगर मोठ्या मैदानावर पाऊण तासात दमतो आणि लांब पास कधी द्यायचा हे त्याला कळत नाही. बालेवाडी १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं, प्रकाशझोत आहेत, आयएसएल तिथे झालेलं आहे. पण ते शासनाचं आहे, तारखा इतर कार्यक्रमांशी भांडून मिळवाव्या लागतात, आणि लायसन्ससाठी मैदानमालकाचं लेखी संमतीपत्र लागतं. माझा सल्ला : सामन्यांसाठी बालेवाडीच्या मागे आत्ता लागू नका. मोठं मैदान असलेली एखादी शाळा किंवा कॉलेज गाठा. त्यांच्या मुलांना तुमचे कोच शिकवतील, मैदानाची निगा तुम्ही राखाल, बदल्यात रोज संध्याकाळचे दोन तास, किमान पाच वर्षांच्या करारावर. बिल्डरचा पहिल्या वर्षाचा पैसा माती, निचरा आणि गवत यात घाला. मुरमावर घोटे आणि गुडघे गेलेले खेळाडू आपल्याकडे पुष्कळ आहेत.

परदेशी कोचचा प्रश्न यातच सुटतो. नको. जिल्हा लीगमध्ये त्याला शिकवण्यासारखं मैदानही मिळणार नाही, आणि त्याच्या एका वर्षाच्या खर्चात तुमच्या क्लबमधले पाच-सहा जण कोचिंगची डी आणि सी लायसन्स करून येतील. ही शिडी डी, सी, बी, ए, प्रो अशी आहे, मध्ये अनुभवाचा काळ घालवावा लागतो, त्यामुळे आज सुरुवात केलेला माणूस तुम्हाला आय-लीगच्या वेळी उपयोगी पडेल. मुख्य संघाला ए लायसन्सवाला भारतीय कोच बघा, शक्यतो आय-लीग २ किंवा ३ खेळवलेला. त्याला कोणत्या गावात कोणता मिडफिल्डर मोकळा आहे हे तोंडपाठ असतं.

वयोगटाच्या संघांना मी पहिल्या संघाच्या बरोबरीने महत्त्व देतो. लायसन्सला लागतात म्हणून नव्हे. तेरा, पंधरा, सतराखालचा प्रत्येक मुलगा फेडरेशनच्या सीआरएस या खेळाडू नोंदणी प्रणालीत तुमच्या क्लबच्या नावावर, खऱ्या जन्मदाखल्यासह नोंदवलेला असला पाहिजे. फिफाच्या नियमांत खेळाडू घडवणाऱ्या क्लबला भरपाईची तरतूद आहे. मुलाचा पहिला व्यावसायिक करार झाला की प्रशिक्षणाची भरपाई, आणि पुढे परदेशी बदली झाली तर त्या रकमेच्या ५ टक्के हिस्सा १२ ते २३ वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटला जातो. आपल्या खडकी-कॅम्पातल्या क्लबांनी किती पोरं मोठ्या संघांना दिली! पण नोंद नाही, म्हणून मागणी नाही. वय चोरून अंडर-१५ ची ढाल मिळवणारे असतात, त्यांच्या नादी लागू नका. पुढे वैद्यकीय तपासणीत पोराचं करिअरच जातं.

जाता जाता एक सुचवतो, तुम्ही विचारलेलं नाही तरी. मुलींचा संघ काढा. महिलांच्या लीगमध्ये आता दुसरी श्रेणीही आहे, स्पर्धक क्लब कमी आहेत, आणि एफसी कोल्हापूर सिटीने राष्ट्रीय पातळीची लीग खेळून महाराष्ट्राला हे जमतं असं दाखवलंय. तुमच्या बजेटमध्ये देशाच्या वरच्या श्रेणीत पोचायचा सगळ्यात जवळचा रस्ता हाच आहे.

मग सात वर्षांचं काय? पहिली दोन वर्षं कागद, मैदान, नोंदणी आणि जिल्हा लीगमध्ये वरचे क्रमांक. तिसऱ्या-चौथ्या वर्षी राज्याच्या लीगमधून आय-लीग ३ साठी नाव. तिथे किमान दोन हंगाम खेळायची मनाची तयारी ठेवा. स्पोर्टिंग क्लब बेंगळुरू एका हंगामात दोन पायऱ्या चढला खरा, पण पुढच्याच हंगामात आय-लीगमधून खाली आला. मुंबईचा केंकरे आय-लीगमध्ये दोन हंगाम टिकला, मग उतरला. म्हणजे सातव्या वर्षी आय-लीग २ मध्ये मधल्या क्रमांकावर असाल आणि कुणाचा पगार थकलेला नसेल, तर पुण्याच्या मानाने ते मोठं काम असेल. आयएसएलची तारीख कमिटीच्या ठरावात लिहू नका. प्रवेशाचे निकष दर हंगामाला बदलतात, आणि २०२४-२५ मध्ये तळाला राहिलेला मोहमेडन खाली गेलाच नाही, इतकं सगळं अजून कच्चं आहे.

राहिली बिल्डरची अट. नाव आधी लावू नका. छाती द्या, पाठ द्या, मैदानाच्या भिंती द्या, बसवर दोन्ही बाजूंनी त्याचा फोटो लावा हवं तर. पण ट्रस्टचं नाव, बोधचिन्ह, जिल्हा संघटनेचं सभासदत्व आणि खेळाडूंची नोंदणी क्लबकडे राहील, हे करारात स्पष्ट लिहून घ्या. प्रत्येक हंगामाचे पैसे खेळाडूंच्या नोंदणीची मुदत सुरू होण्याआधी खात्यात आले पाहिजेत, मॅचमागे मॅच नकोत. खेळाडूंचे करार प्रायोजकाच्या कराराच्या तारखेपलीकडे नेऊ नका. आणि चौथ्या वर्षाच्या निम्म्या खर्चाएवढी रक्कम पहिल्याच दिवशी क्लबच्या नावाने ठेवीत टाकायला सांगा, म्हणजे तो मध्येच उठला तरी संघाला हंगाम पूर्ण करता येईल. यातली ठेवीची अट ऐकून तो हसला किंवा ‘बघू’ म्हणाला, तर त्याच्याकडून फक्त अंडर-१५ संघाचा आणि मैदानाचा खर्च घ्या, आणि पहिला संघ यंदा आहे त्याच पैशात जिल्हा लीगला उतरवा.